बाहेरून कुलूप

रोहा,
८ जून २०२५

ती. विमलताईस,
दामोदरचा साष्टांग नमस्कार.

पेणहून परत आल्यापासून माझ्या डोक्यात तुझी पडवी घोळते आहे. पडवी कसली, शेजारच्या जगनच्या मूर्तींच्या कारखान्याची वखारच झाली आहे ती. दारातून आत शिरायला मला अंग चोरून तिरकं व्हावं लागलं. डावीकडे गणपती, उजवीकडे गणपती, मधल्या फळीवर मूर्तींचे नुसते हात वाळत घातलेले. मागच्या दाराला तू स्वतः तांदळाची कोठी लावून ठेवली आहेस. ताई, सत्तरी कधीच ओलांडलेली बाई, कानाने अधू, घरात एकटी, आणि बाहेर पडायला धड एक वाट नाही! उद्या गॅसच्या नळीने पेट घेतला तर काय करशील? देवाला बाजूला सारून पळशील? मी तुला ओळखतो. तू आधी मूर्ती उचलून नीट ठेवशील आणि मग पळायचं बघशील.

कंपनीत सेफ्टीचं काम करत माझी सगळी नोकरी गेली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही एवढंच शिकवायचो, की बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. तेव्हा पडवी रिकामी करून घे. कोठी हलव. उशाशी बॅटरी ठेव, न्हाणीघरात रबरी चटई टाक. न्हाणीघराची आतली कडी काढूनच टाक. आत पाय घसरला आणि कडी लावलेली असली, तर बाहेरचा माणूस नुसता दार बडवत बसतो. आणि माझा, जगनचा, प्रणितचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही.

इकडे रोहिणी बरी आहे. दिवाळीतल्या झटक्यानंतर उजवा हात आणि पाय अजून साथ देत नाहीत, पण समज पहिल्यासारखी आहे. फक्त जीभ जड झाली आहे. मी रोज सकाळी तिची तालीम घेतो. 'पाणी' आणि 'नको' हे शब्द आता स्वच्छ येतात. 'नको' जरा जास्तच स्वच्छ येतो.

तुझा,
दामोदर


पेण,
१६ जून

चि. दामूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचताना कंपनीचा भोंगा वाजल्यासारखं वाटलं. फोन न करता लिहितोस ते बरं करतोस. फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या मनाने भरते, मग घोळ होतो.

आता पडवीचं. अरे, शाडूच्या मूर्ती आहेत त्या, आणि बाहेर हवा ओली. कारखान्यात जागा पुरत नाही. चतुर्थी होईपर्यंत आमच्या आळीत कुणाची पडवी स्वतःची राहत नाही, हे तुझे मेहुणे होते तेव्हापासून चालत आलंय. तू पेणचा असतास तर तुझ्याही पलंगाखाली उंदीर वाळत असते! आणि एकटी कुठे आहे मी? सकाळपासून जगनची माणसं आतबाहेर करतात. कुणी मूर्तीची दिशा फिरवायला येतं, कुणी वाळली का बघायला. मी दार उघडायला जरा उशीर केला की जगन खिडकीतून हाका मारतो. त्याला काळजी मूर्तींची असेल, पण हाक तो माझ्या नावाने मारतो. मला तेवढं पुरतं.

न्हाणीघराची कडी मात्र काढली. आता आत असले की मोठ्याने भजन म्हणते, म्हणजे कुणी दार ढकलत नाही. चटई जगनने आणून दिली. कोठी हलवायला दोन माणसं लागतील, ती चतुर्थीनंतर. तोवर गणपती आहेतच राखणीला.

तू मला एवढ्या सूचना करतोस, मग माझं एक सांग. तू बाजारात जातोस, बँकेत जातोस, तेव्हा रोहिणीजवळ कोण असतं? हे तुझ्या पत्रात कधी येत नाही.

तिला माझे आशीर्वाद सांग. 'नको' म्हणायला शिकली याचा मला फार आनंद झाला. हे तिने लग्न झाल्या झाल्या शिकायला हवं होतं.

विमल


रोहा,
२५ जून

ती. विमलताईस,
सा. न.

कडी काढलीस, उत्तम. भजनाबद्दल शेजाऱ्यांना विचारून बघ.

रोहिणीची व्यवस्था चोख आहे. मी बाहेर जातो तो कामापुरता, आणि काम झालं की तडक घरी. निघताना पाण्याचा पेला तिच्या डाव्या हाताशी ठेवतो. पूजेतली घंटा उशाशी. मोबाइलही तिच्याजवळच ठेवून जातो, कारण प्रणित बडोद्याहून केव्हाही आईला व्हिडिओ कॉल करतो, आणि त्याचं तोंड दिसलं की ती दिवसभर खुशीत असते.

हल्ली दिवस वाईट आहेत. म्हातारी माणसं एकटी आहेत हे हेरून लोक घरात शिरतात. कुणी गॅसवाला म्हणून येतो, कुणी बँकेचा माणूस म्हणून. म्हणून मी रोहिणीला एक नवा शब्द शिकवला आहे. खिडकीतून कुणी माझी चौकशी केली, की तिने म्हणायचं, 'झोपलेत.' बस्स. बऱ्याच सकाळी घालवल्या त्यासाठी, पण आता इतकं ठसठशीत म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, आत चार पैलवान झोपलेत! मागच्या आठवड्यात पाण्याचं मशीन विकणारा एक जण आला होता, मी रेशनच्या दुकानात होतो. 'झोपलेत' ऐकून गेला मुकाट.

माझ्याही बाबतीत मी सावध असतो. खिशात नाव-पत्त्याचा कागद ठेवत नाही. पाकीट मारलं गेलं तर चोराला पत्ता आणि किल्ली एकत्र मिळायची.

निडीला एक गृहस्थ लकव्यावर चोळायचं तेल देतात असं कळलं आहे. एकदा रेल्वेने जाऊन घेऊन येईन म्हणतो. डॉक्टर हसले, पण चोळण्याने अपाय नाही असं म्हणाले.

दामोदर


पेण,
४ जुलै

चि. दामूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

पत्ता आणि किल्ली एकत्र मिळेल, असं लिहितोस. म्हणजे किल्ली तुझ्या खिशात, कुलूप बाहेरून, आणि रोहिणी आत. असंच ना? तू थेट लिहिलं नाहीस, पण मी आयुष्यभर पोरांचे निबंध तपासले आहेत, पोरगं काय गाळतं ते मला आधी दिसतं. दामू, माझ्या वाटेतले गणपती निदान उचलून बाजूला तरी करता येतात.

तुला साखर आहे. तिला भरवण्याच्या नादात तू स्वतः खाल्लंस न खाल्लंस करतोस, हे मी डोळ्यांनी पाहून आले. उद्या रस्त्यात तुला चक्कर आली, तर तू कोण हे कुणाला कळायचं? घरात कुणीतरी आहे, हे कुणाला कळायचं?

शेजारच्या शकूकडे एक किल्ली ठेव. तिचा मुलगा आदेशही हाताशी आहे. किल्ली देण्यात तुझं काय जातं?

तुझ्यावर चिडून लिहीत नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले आहे.

विमल


रोहा,
११ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तू उगाच घाबरतेस. शकू स्वभावाने चांगली आहे, पण तिच्या तोंडाला दार नाही. तिच्याकडे किल्ली म्हणजे गल्लीत जाहिरात. शिवाय रोहिणीने आजवर आपलं घर कसं ठेवलं होतं ते तू पाहिलं आहेस. आता तिला या अवस्थेत कुणीही यावं आणि बघून जावं, हे मला आवडणार नाही.

मी एवढी वर्षं दुसऱ्यांचे जीव सांभाळले. माझ्या बायकोचा मला सांभाळता येतो.

निडीला जायचं आहे, एका स्टेशनाचा तर प्रवास. तेल आणलं की कळवतो. पडवी मोकळी केलीस का?

दामोदर


पेण,
५ ऑगस्ट

चि. दामू,

काल पेणला पोचले. तुझ्या घरी होते तेवढे दिवस मी तुला काही बोलले नाही. तुझ्या कपाळावर टाके होते, आणि रोहिणी समोरच असायची. त्या दिवशी घरात काय झालं हे तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. सगळं कुणीतरी एकदा सांगायला हवं, म्हणून लिहिते. हे पत्र एकटा असताना वाच.

तू निडीच्या फलाटावर पडलास, डोकं आपटलं. तिथल्या माणसांनी तुला रिक्षात घालून नागोठण्याच्या दवाखान्यात नेलं. देव त्यांचं भलं करो. साखर उतरलेली आणि डोक्याला मार, त्यामुळे तू नुसता कण्हत होतास. खिशात काय सापडलं? परतीचं तिकीट आणि एक किल्ली. कुठल्या दाराची, ते कुणाला ठाऊक.

इकडे घरात फोन वाजत राहिला. प्रणित लावत होता. शकूला तो भिंतीपलीकडे ऐकू आला. पुढचं तिच्याच तोंडचं सांगते. 'मी मागल्या खिडकीतून इचारलं, वयनी, भाऊ हायेत का गो? तर म्हनल्या, झोपलेत. मला वाटलं, बरं नसंल भाऊंना. दुपारी परत गेले. परत म्हनल्या, झोपलेत. म्हटलं, पानी देऊ का? तर नको म्हनल्या. सांज झाली तरी दिवा नाय लागला, म्हनून पुढल्या दारी गेले. बघते तर भायेरून कुलूप! आत झोपलेला मानूस भायेरून कुलूप कसा लावंल?'

आदेशने पहारीने कोयंडा उचकटला. रोहिणी अर्धी पलंगावर, अर्धी खाली. उजवा हात अंगाखाली अडकलेला. पेला पलंगाखाली घरंगळला होता, म्हणजे दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब नाही. अंथरूण, लुगडं, सगळं ओलं. घंटा उशाशी होती तशीच. तिने ती वाजवलीच नाही.

मग प्रणितचा पुन्हा फोन आला, तो आदेशने घेतला. प्रणितने जगनला कळवलं आणि जगन मला टेम्पोत घालून रोह्याला घेऊन आला. आम्ही पोचलो तोवर तुला बोलता यायला लागलं होतं, आणि तू दवाखान्यात सगळ्यांना 'किल्ली, किल्ली' म्हणून ओरडत होतास. तेव्हा त्यांनी तुलाच पत्ता विचारून घरी निरोप पाठवला.

शकू म्हणते, तू शिकवलंस ते वयनींनी शेवटपर्यंत पाळलं. मलाही तेच वाटतं. तुझ्या त्या शब्दाने दाराशी आलेलं माणूस दोनदा माघारी गेलं.

हे वाचून तुला काय वाटेल याची मला कल्पना आहे. तरी लिहिलं, कारण तू पुन्हा काहीतरी नवीन युक्ती काढशील. युक्ती नको. किल्ली शकूकडे दे, खिशात नाव, नंबर आणि चार पेपरमिंटच्या गोळ्या ठेव. एवढंच कर.

आणि तुझं एक बरोबर होतं. रोह्याला निघताना जगनने मला हाताला धरून दारातून बाहेर काढलं, तेव्हा फळीवरचे हात माझ्या पदराला अडकून खाली आले. दोन फुटले. तेव्हा मला कळलं की घाईच्या वेळी या वाटेने माणूस निघणार नाही. आज एक बाजू मोकळी करून घेतली. कोठीही हलली.

विमल


रोहा,
१४ ऑगस्ट

ती. विमलताईस,
सा. न.

पत्र वाचलं. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून तो शब्द घोटून घेतला होता. तिने नीट म्हटला की टाळ्या वाजवायचो. ताई, मी त्या टाळ्या विसरू शकत नाही. ती माझ्याकडे बघते तेव्हा मला दुसरीकडे बघावंसं वाटतं. भरवतानाही मी घासाकडे बघतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

टाके काढले. शकू रोज सकाळ-संध्याकाळ येते. रोहिणीला पुसते, वेणी घालते. मी मधे बोलत नाही. बोलायला मला तोंड कुठे आहे?

पण हे असं फार दिवस चालायचं नाही, हे मला कळून चुकलं आहे. माझाच भरवसा नाही, तर तिला माझ्या भरवशावर ठेवणार कशी? पनवेलजवळ अशा आजारी माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे. मी आणि आदेश जाऊन बघून आलो. दारं रुंद आहेत, भिंतीला धरायला दांडे आहेत, प्रत्येक पलंगाला घंटा आहे. बायका चोवीस तास हजर असतात. आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा दोन, दोन्ही मोकळ्या. इतकी चोख जागा मी आजवर पाहिली नाही. प्रणितलाही पटलं आहे. चतुर्थी झाली की तिला तिथे ठेवायचं. मी इथेच राहीन आणि भेटायला जात जाईन.

तिला अजून सांगितलेलं नाही. सांगून आत्तापासून तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? ती काही बोलणारही नाही. न्यायच्या दिवशी तू सोबत असलीस तर तिला धीर येईल. येशील ना?

तिथे ती सुरक्षित राहील. मला आता दुसरं काही नको.

दामोदर


रोहा,
१९ ऑगस्ट

वन्सं,
नमस्कार.

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून वाचा. कागद आणि पेन्सिल शकूने दिली. पत्र तीच पेटीत टाकेल. आमच्याकडे जिभेची तालीम झाली. हातात पेन्सिल द्यायचं कुणाला सुचलं नाही.

पनवेलचं मला माहीत आहे. हे प्रणितशी फोनवर मोठ्याने बोलतात. माझे कान चांगले आहेत.

त्या दिवसाचं सगळे एकमेकांना सांगतात. मला कुणी विचारलं नाही. म्हणून लिहिते.

यांनी शिकवलं म्हणून मी झोपलेत म्हणाले नाही. सकाळीच माझं अंथरूण ओलं झालं होतं. तेवढ्यात शकू खिडकीशी आली. तिने वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. ती जावी म्हणून म्हणाले. दुपारी परत म्हणाले. घंटा त्यासाठीच वाजवली नाही, प्रणितचा फोनही त्यासाठीच घेतला नाही. हे आले नाहीत, म्हणजे यांना काहीतरी झालं, हे मला कळत होतं. तरी म्हणाले. तिने मला तशी बघण्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटत होतं. माझं चुकलं. पण ते माझं होतं. यांनी ते आपल्या डोक्यावर घेतलंय.

यांना सांगायला जाते. शब्द यायला वेळ लागतो. हे म्हणतात, दमू नकोस, झोप आता.

संध्याकाळी शकू आत आली. तिने सगळं बघितलं. गॅसवर पाणी तापत ठेवलं. मला पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं. म्हणाली, 'सासूचं सगळं मीच केलंय गो वयनी. माझ्यापाशी कसली लाज?' मी रडले. तीही रडली. त्या दिवसापासून तिच्यापुढे माझी लाज गेली.

पनवेलच्या बाया चांगल्या असतील. पण नव्या. त्यांच्यापुढे मला परत पहिल्यापासून लाजावं लागेल. आणि लाज वाटली की मी परत गप्प बसेन. घंटा पलंगाला असली तरी.

मी जाणार नाही. इथे मला शकू आहे.

तुम्ही चतुर्थीनंतर येऊ नका, आधी या. हे पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवा. मधे उठू देऊ नका. मी समोर बसेन. माझ्याकडे बघायला सांगा.

रोहिणी